गुलछडीचे घट्ट अत्तर : कोरेगाव तालुक्यातील एका घरगुती प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

गणपती विसर्जन झाले की सुट्या फुलांचा भाव उतरतो आणि पितृपंधरवड्यात तो पार बसतो, हे फुलशेती करणाऱ्या घराला कोणी सांगावे लागत नाही. या लेखातील कुटुंब सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात राहते. त्यांची वीस गुंठे गुलछडी आहे. पुस्तकी मराठीत जिला निशिगंध म्हणतात तीच ही. पाकळ्यांचा एकच थर असलेली, हारासाठी आणि वेणीसाठी जाणारी. पंधरवड्यातल्या एका पहाटे तोडलेली दोन पाट्या फुले पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात पाठवायची तर गाडीभाडेसुद्धा निघणार नव्हते, म्हणून ती बांधावर ओतली गेली. दिवेलागणीला त्या ढिगाचा वास ओसरीपर्यंत येऊ लागला. घरातील थोरल्या सूनबाईंना गावात सगळे काकू म्हणतात, म्हणून मीही येथे तसेच म्हणेन. त्यांनी त्या रात्री मला फोन करून विचारले, "सर, टाकून दिलेलं फूलसुद्धा रात्रभर वास देतंय. मग तो धरून ठेवता येत नाही का?"

काकूंचा मुलगा माझा विद्यार्थी होता, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. साताऱ्यात तीस वर्षे मी रसायनशास्त्र शिकवले, ऊर्ध्वपातनाची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली. तरीही त्या एका वाक्यात उत्तराचा अर्धा भाग दडलेला आहे, हे माझ्या लक्षात यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात काय काय बिघडले, ते का बिघडले आणि शेवटी काय जमले, याची नोंद मी तारखेनिशी ठेवली होती. ज्यांच्या अंगणात मोगरा, जाई किंवा गुलछडी आहे आणि ज्यांना घरच्या घरी अत्तर करून पाहावेसे वाटते, त्यांना ती उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे ती येथे सविस्तर मांडत आहे.

काकूंची अपेक्षा सुरुवातीपासून स्पष्ट होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून देता येतील अशा पन्नासेक छोट्या डब्या भराव्यात, खर्च स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाणापेक्षा जास्त होऊ नये, आणि लावल्यावर कोणाच्या अंगाला खाज सुटू नये. विक्रीचा विचार तेव्हा नव्हता.

जे प्रयत्न फसले

पहिला प्रयत्न काकूंनी माझा सल्ला येण्याआधीच करून टाकला होता. पातेल्यात खोबरेल तापवून त्यात फुले टाकली, जास्वंदीचे तेल करतात तशी मंद आचेवर परतली आणि गाळून घेतली. स्वयंपाकघरभर दहा मिनिटे सुगंध दरवळला आणि तेलात मात्र शिजलेल्या पालेभाजीचा वास उरला. यात नवल काही नाही. जो सुगंध घरभर पसरला तो तेलातून उडून गेलेलाच होता. सुगंधी द्रव्ये उडून जाणारी असतात, म्हणून तर ती नाकापर्यंत पोहोचतात, आणि उघड्या पातेल्यात त्यांना वाफेसोबत बाहेर पडायला मोकळी वाट मिळते. मागे राहतो तो शिजलेल्या पाकळीचा अंश.

दुसऱ्या प्रयत्नाला माझा सल्ला कारणीभूत होता, म्हणून त्याची जबाबदारी माझी. आच नको, असे सांगून मी काचेच्या बरणीत फुले गच्च भरून वर तेल ओतायला आणि बरणी उन्हात ठेवायला सांगितले. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, हवा दमट होती आणि फुले दव न पुसता भरली गेली होती. चौथ्या दिवशी तेलाखाली पाण्याचा गढूळ थर दिसला, सहाव्या दिवशी वर तरंगणाऱ्या पाकळ्यांवर पांढरी बुरशी आली आणि बरणी उघडली तेव्हा वास आंबूस होता. ताज्या फुलाच्या वजनाचा बराच मोठा भाग पाण्याचा असतो. ते पाणी तेलात उतरले की बुरशीला आणि आंबण्याला जागा मिळते. त्यातच ऊन लागले की तेल खवट व्हायला वेळ लागत नाही. घरगुती फुलांच्या तेलाचे जे प्रयोग फसतात, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हे पाणीच असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

तिसरा प्रयत्न स्पिरिटचा. औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्पिरिटमध्ये फुले दोन दिवस ठेवली आणि हाती आला तो इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात तो वास. येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. अत्तराच्या कारखान्यात वापरतात ते शुद्ध इथाइल अल्कोहोल आपल्या राज्यात परवान्याशिवाय घेता किंवा बाळगता येत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा त्याला लागू आहे. हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात जे डिनेचर्ड स्पिरिट मिळते, त्यात ते पिता येऊ नये म्हणून मिथेनॉलसारखी विषारी द्रव्ये घातलेली असू शकतात. ते अंगाला लावायच्या वस्तूत कधीही घालू नये. घरातल्या प्रयोगाने तेलाची आणि चरबीची वाट धरावी, हेच सुरक्षित.

याच सुमारास काकूंच्या भाचीने ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "शुद्ध निशिगंध इसेन्शियल ऑइल" या नावाची छोटी बाटली मागवली. वास गोड होता, थेट होता आणि दोन तासांत एकदम नाहीसा झाला. किंमत पाहूनच शंका यायला हवी होती. गुलछडीचे वाफेवर काढलेले तेल व्यापारात सहसा मिळतच नाही. तामिळनाडू आणि कर्नाटकात तिचा अर्क हेक्झेनसारख्या द्रावकाने काढतात; हजार-अकराशे किलो फुलांतून सुमारे एक किलो 'काँक्रीट' नावाचा मेणासारखा अर्क मिळतो आणि त्यातले मेण काढल्यावर ॲब्सोल्यूट म्हणजे शुद्ध अर्क निघतो तो साधारण पाव किलोच्या आत. असा माल दीडशे रुपयांच्या बाटलीत मावणार नाही.

तोडलेल्या फुलाचे काय होते

ऑक्टोबरच्या मध्याला मी जुनी पुस्तके काढून बसलो तेव्हा काकूंचे पहिले वाक्य पुन्हा आठवले. टाकून दिलेलं फूलसुद्धा रात्रभर वास देतंय.

गुलाब, केवडा, वाळा यांचे ऊर्ध्वपातन करतात, कारण त्यांचा सुगंध उकळत्या पाण्याची वाफ सहन करतो. गुलाबाची तोडणी पहाटे होते आणि ऊन चढायच्या आत फुले भट्टीवर जातात, कारण तोडल्यापासून गुलाब आपली पुंजी खर्च करत असतो. त्यात नवी भर पडत नाही. मोगरा, जाई, गुलछडी यांची गोष्ट वेगळी आहे. ही फुले तोडल्यानंतरही तास न् तास जिवंत असतात आणि सुगंधी द्रव्ये तयार करून हवेत सोडत राहतात. जर्मन रसायनज्ञ हेसे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निशिगंधावर मोजमाप करून दाखवले होते की द्रावकात लगेच बुडवलेल्या फुलांपेक्षा चरबीवर जिवंत ठेवलेल्या फुलांकडून अनेक पट अधिक सुगंधी तेल मिळते. द्रावकात बुडवले की फूल मरते आणि त्या क्षणी त्याच्यात जेवढे असेल तेवढेच हाती येते. आमच्या तिन्ही प्रयत्नांत आम्ही नेमके हेच केले होते. एकदा फूल भाजले, एकदा बुडवले, एकदा स्पिरिटने मारले. गुलछडीचा वास फुलातून पिळून काढायचा नसतो. फूल तो रात्रभर आपणहून सोडते आणि आपण खाली काहीतरी पसरून तो झेलायचा असतो.

फ्रान्समधील ग्रास या गावी हे काम काचेच्या चौकटींवर व्हायचे. काचेवर चरबीचा थर, त्यावर जाईची फुले, चोवीस तासांनी ती काढून नवी. निशिगंधाला त्याहून जास्त वेळ. हंगामभरात तीसहून अधिक वेळा फुले बदलत आणि एक किलो चरबीला अडीच ते तीन किलो जाई लागे. चरबी डुकराची आणि गाईबैलांची असे, ती तुरटीच्या पाण्याने स्वच्छ करत आणि खवट होऊ नये म्हणून तिच्यात ऊद घालत. काकूंच्या घरात ती चरबी येणे शक्य नव्हते. तिच्या जागी काय घ्यायचे, या प्रश्नावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

ताटांवरचे काम

पहिला विचार अर्थातच खोबरेलाचा आला. नारळाचे तेल २४ अंशांच्या आसपास गोठते, हे ज्याने थंडीत बाटली उन्हात ठेवली आहे त्याला माहीत असते. डिसेंबरात साताऱ्याकडे रात्रभर ते दगडासारखे राहील. पण गुलछडीचा बहर पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत असतो, थंडी पडली की छड्या कमी येतात. म्हणजे चरबी गोठण्याचा हंगाम आणि फूल भरपूर असण्याचा हंगाम एकमेकांना चुकवतात. ऑक्टोबर हीटच्या दुपारी ताटातले खोबरेल वितळायचे, फुले त्यात बुडायची आणि पुन्हा तीच बुरशी.

वनस्पती तूप वापरून पाहिले. ते घट्ट राहिले, पण रवाळ होते आणि त्याचा स्वतःचा वास सुगंधाला मारत होता.

उत्तर काकूंच्या सासूबाईंनी दिले. घरात त्यांना आत्याबाई म्हणतात. टाचांना भेगा पडल्या म्हणून त्यांनी कोकणातल्या नातलगांकडून कोकम तेलाचे गोळे आणले होते; तांबूस-पांढरे, अंड्याएवढे, बोटाने दाबले तरी न दबणारे. "ह्ये बघा, वैशाखात बी वितळत न्हाई," असे म्हणून त्यांनी एक गोळा माझ्या हातावर ठेवला. कोकमाच्या बियांची ही चरबी चाळिशीच्या आसपास वितळते, म्हणजे आमच्या ऑक्टोबरची तिला काहीच मातब्बरी नाही. ती एकटी मात्र फारच कडक होती. कडक चरबी वास नीट शोषत नाही आणि फार मऊ असली तर फुलाला चिकटून येते. म्हणून वास नसलेले रिफाइंड खोबरेल आणि कोकम तेल वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून चार वाट्या माजघरात ठेवल्या. पाव भाग कोकम असलेली वाटी दुपारी सैल पडली. अर्धे-अर्धे मिश्रण भर दुपारी लोण्यासारखे मऊ, पण उभे राहिले. तेच ठरवले.

कोकम तेलाला गावरान घाण्याचा किंचित वास होता. तो काढण्यासाठी ते पाण्यात, चिमूटभर तुरटी घालून, दोनदा उकळले, गार होऊन वर गोठलेली चकती उचलली आणि तळाचा गाळ खरवडून टाकला. मग पुन्हा वितळवून, पाण्याचा थेंबही उरणार नाही इतपत तापवून, मलमलीतून गाळले.

तीन मोठी ताटे घेतली. प्रत्येकात २०० ग्रॅम मिश्रण ओतले, म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचा थर झाला. थर गोठल्यावर काकूंनी काट्या-चमच्याच्या काट्याने त्यावर आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, शंकरपाळ्यांच्या पोळीवर ओढतात तशा, म्हणजे वास शोषायला जागा वाढते. फुले मात्र पहाटेची घ्यायची नाहीत असे ठरले. बाजारासाठी तोडतात ती उमलायच्या बेतातली कळी असते. आम्हाला पूर्ण उमललेली फुले हवी होती आणि गुलछडी उमलते व दरवळते ती संध्याकाळी. सूर्य मावळल्यावर काकू शेतातून टोपली आणायच्या, जुन्या सुती लुगड्यावर फुले तासभर पसरायच्या, ओली राहिलेली एकेक टिपून घ्यायच्या, डागाळलेली बाजूला टाकायच्या. हिरवा देठ ठेवायचा नाही, त्याचा कच्चा वास उतरतो. मग एकेक फूल तोंड खाली करून, एकमेकांना न चिकटता, रेघांवर मांडायचे. एका ताटात पन्नास फुले, म्हणजे जवळपास पन्नास ग्रॅम. वर दुसरे ताट पालथे घालायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताट उघडले की फुलांच्या कडा तपकिरी पडलेल्या असत आणि ती चरबीला चिकटलेली असत. ओढून काढली तर पाकळी तुटून मागे राहते आणि कुजते. काकूंनी भाचीचा भुवया कोरायचा चिमटा घेतला. देठाच्या बाजूने फूल किंचित उचलायचे, क्षणभर थांबायचे, चरबीने पाकळी सोडली की अलगद वर घ्यायचे. पन्नास फुले काढायला वीस-पंचवीस मिनिटे. मी पहिल्याच संध्याकाळी दहा फुले काढून पाहिली आणि चार पाकळ्या मागे ठेवल्या. त्यानंतर त्या कामाला हात लावला नाही.

चौदा दिवस हे चालले. शेतात औषधाची फवारणी झाल्यावरचे तीन दिवस मध्ये सोडून दिले. ही काळजी प्रत्येकाने घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण चरबी वास शोषते तसे कीटकनाशकही शोषते आणि शेवटी ते अंगाला लागते. काकूंनी कडेच्या चार ओळी त्या हंगामापुरत्या बिनफवारणीच्या ठेवल्या. एकूण दोन किलोंच्या वर फुले लागली, म्हणजे ६०० ग्रॅम चरबीला ग्रासच्या प्रमाणाजवळच आम्ही पोहोचलो होतो. तिसऱ्या दिवशी ताटाला वास जेमतेम होता. सातव्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "आता बोटाला लागतंय." दहाव्या दिवशी सुगंधात बदल जाणवला. सुरुवातीची हिरवी, थोडी ओलसर छटा मागे पडून खाली लोण्यासारखी गोड आणि जड छटा उठली, जी संध्याकाळी गुलछडीच्या वाफ्यात उभे राहिल्यावर येते. खोबरेलात परतलेल्या तेलात ती कधीच आली नव्हती.

पुढचे काम घाईने करण्यासारखे नव्हते. घट्ट अत्तर उन्हाळ्यातही डबीत राहावे म्हणून मधमाशीचे मेण घालायचे होते आणि मेण वितळते ते ६२ अंशांच्या पुढे. सगळे एकत्र तापवले असते तर चौदा दिवसांची कमाई पाच मिनिटांत स्वयंपाकघरात उडाली असती. म्हणून ५० ग्रॅम मेण ५० ग्रॅम बिनवासाच्या कोकम तेलात वेगळे वितळवले. ताटांवरची चरबी खरवडून, गरम पाण्यात ठेवलेल्या पातेल्यात कोमट करून, जेमतेम सैल झाल्यावर मलमलीतून गाळली. ती भरली ४७० ग्रॅम, बाकीची ताटांना, फडक्याला आणि काढलेल्या फुलांना लागून गेली. मेणाच्या पातेल्याला कडेने साय धरू लागली तेव्हा ती चरबी त्यात ओतून झटपट ढवळली आणि डब्या भरल्या. पंचावन्न डब्या झाल्या. आतल्या मनगटावर लावून काकूंनी आणि भाचीने एक दिवस वाट पाहिली, लाली किंवा खाज आली नाही. मगच वाण ठरले.

संक्रांतीनंतर

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या प्रतिक्रिया मी येथे देत नाही, कारण वाण घेतलेली बाई ते वाईट असल्याचे सांगत नसते. जूनमध्ये काकूंनी मागे ठेवलेल्या दोन डब्या आम्ही उघडल्या. कपाटात, कापडात गुंडाळलेल्या डबीचा वास थोडा उतरला होता पण शुद्ध होता. खिडकीत ठेवलेली डबी खवट झाली होती. यातून मी पुढच्या वेळी गाळलेल्या चरबीत ई जीवनसत्त्वाच्या एकदोन कॅप्सूल फोडून घालायला सांगितले आहे. त्याने तेल लवकर बिघडत नाही, मात्र उन्हापुढे त्याचाही निभाव लागत नाही.

संक्रांतीला ऐकलेल्या बातमीवर शेजारणींचेही प्रयोग सुरू झाले आणि त्यांतले काही प्रश्न माझ्याकडे आले. एकीने गावठी गुलाब ताटावर मांडला. काही मिळाले नाही, आणि का मिळाले नाही ते वर आलेच आहे. तिला मी पातेल्यात पाकळ्या आणि पाणी, मध्ये उंच वाटी, वर उलटे झाकण आणि झाकणावर बर्फ, अशी मांडणी करून दिली. वाटीत उत्तम गुलाबपाणी उतरले. गुलाबाच्या वासातला मोठा घटक पाण्यात विरघळतो, म्हणून घरच्या भांड्यात तेल दिसत नाही पण पाणी घमघमते. ते फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवावे. आणखी एकीने कास पठारावरून फुले आणावीत का, असे विचारले. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथले फूल तोडायला मनाई आहे आणि तिथल्या बहुतेक फुलांना दरवळ म्हणावा असा वासही नाही. बकुळीची फुले मात्र जरूर वापरावीत. ती सुकली तरी वास ठेवतात, म्हणून त्यांना पाण्याचा दोष लागत नाही आणि सुकवून कोमट तेलात घातली तरी चालतात.

उत्तर प्रदेशातील कनौजच्या पद्धतीने, देग (फुले आणि पाणी उकळायचे भांडे) आणि भपका (वाफ धरायचे भांडे) लावून, चंदनाच्या तेलात अत्तर धरावे अशी काकूंच्या मुलाची इच्छा होती. ती मी मोडली. चंदनाच्या तेलाचे भाव असे आहेत की कनौजातही अनेक ठिकाणी त्याच्या जागी दुसरी स्वस्त तेले आली आहेत. ज्याला ती विद्या शिकायची आहे त्याने कनौजला १९९१ मध्ये सुरू झालेल्या सुगंध आणि सुरस विकास केंद्रात जाऊन शिकावी.

मोगरा आणि तीळ

चैत्रात काकूंच्या परसातला मोगरा फुलला तेव्हा ताटे पुन्हा काढायचा विचार झाला, पण वैशाखात माजघरातसुद्धा अर्धे-अर्धे मिश्रण पातळ होते. या वेळी मी चरबी सोडून तीळ सुचवले. फुलांनी तीळ वासवून त्यांचे तेल काढण्याची आपली पद्धत फार जुनी आहे. उत्तरेत त्याला फुलेल म्हणतात. आपल्याकडच्या गंधशास्त्रात सुगंधी द्रव्ये करण्याच्या भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत आणि ताज्या फुलांच्या सहवासात द्रव्य ठेवणे म्हणजे वासन. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी १९४० च्या दशकात ज्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्यात गंधसार या ग्रंथाबरोबर गंधवाद हा ग्रंथ मराठी टीकेसह आहे. म्हणजे ही विद्या मराठीत समजावून सांगण्याची गरज आपल्या पूर्वजांना कित्येक शतकांपूर्वी वाटली होती. आज तिच्याबद्दल बोलताना आपल्याला ग्रासचे शब्द आठवतात आणि वासन आठवत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

रीत सोपी आहे. पॉलिश केलेले पांढरे तीळ परातीत बोटभर पसरायचे, संध्याकाळी त्यावर उमलू लागलेला मोगरा, वर पुन्हा तीळ, आणि सकाळी चाळणीने फुले वेगळी करायची. तिळाचे टरफल सुगंधाच्या आड येते म्हणून सोललेले तीळ. फुलांचा ओलावा तिळात मुरतो, म्हणून दर दोन दिवसांनी तीळ सावलीत पसरून कोरडे करायचे. काकूंनी दोन किलो तीळ नऊ रात्री वासवले आणि मूठभर तीळ चावले तर तोंडात मोगरा यायचा, इतका वास धरला.

घाण्यावर मात्र काम बिघडले. जवळच्या लाकडी घाण्याला एका वेळी दोन किलो तीळ पुरत नाहीत, म्हणून घाणेवाल्याने त्यात साधे तीळ मिसळले. शिवाय आदल्या घाणीचा शेंगदाण्याचा वास लाकडात मुरलेला होता. तेल चांगले निघाले, पण अत्तर म्हणावे असे नव्हते. त्यात दोष त्या माणसाचा नाही. इतके कमी तीळ घेऊन जाण्याचा सल्ला माझा होता. तीन-चार घरांनी मिळून दहा-बारा किलो तीळ वासवावेत, घाणा आधी साध्या तिळांनी फिरवून घ्यावा आणि पहिली घाणी वेगळी ठेवावी, असे पुढच्या चैत्रासाठी ठरले आहे.

विक्रीबद्दल

काकूंना आता दोन ठिकाणांहून मागणी आहे. अत्तर अंगाला लावायची वस्तू असल्यामुळे कायद्याने ते सौंदर्यप्रसाधन ठरते. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम त्याला लागू होतात, आणि विक्रीसाठी बनवायचे तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. नातलगांना वाण देणे वेगळे आणि लेबल लावून विकणे वेगळे. परवाना घ्यायचा की नाही, हा निर्णय त्यांच्या घराचा आहे. मी एवढेच सांगितले आहे की एका ताटामागे रोज वीस मिनिटांचे चिमट्याचे काम धरूनच किंमत काढा, कारण फूल फुकट आहे पण ते काम फुकट नाही.

यंदाच्या पितृपंधरवड्यात बांधावर फुले गेली नाहीत. माजघरात दोन ताटे मांडलेली आहेत. एकावर पहाटे पाचला तोडलेली फुले ठेवतात आणि दुसऱ्यावर संध्याकाळी सातची. ओळख पटावी म्हणून एका ताटाच्या काठाला हळदीचे बोट आहे आणि दुसऱ्याला कुंकवाचे. कोणते कशाचे, हे आत्याबाईंना सांगितलेले नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर त्या दोन्ही ताटांचा वास घेतात आणि काकू वहीत लिहितात. सहाव्या रात्रीपर्यंत कुंकवाचे ताट चार वेळा पुढे आहे. कुंकू संध्याकाळच्या फुलांचे आहे.